तान्ह्या बाळाच्या छातीवरची नळी

डॉक्टरांच्या गळ्यातली नळी आपल्या इतक्या परिचयाची झाली आहे की, तिलाही कधीकाळी जन्म होता, बालपण होते आणि भलतेच लांबलेले शिक्षण होते, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. गावच्या उत्सवात नाटक बसवायचे आणि त्यात डॉक्टरचे काम असले, तर नटाला दुसरे काही द्यावे लागत नाही. गळ्यात स्टेथॉस्कोप अडकवला की पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सारे त्याला डॉक्टर म्हणून पत्करतात. अशा या सर्वमान्य वस्तूच्या इतिहासातला एकच कोपरा आज आम्ही श्रोत्यांपुढे मांडणार आहोत. मोठ्या माणसाच्या छातीसाठी निघालेले हे साधन नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या वीतभर छातीपर्यंत पोचले कसे, वाटेत त्याला आपला आकार कसकसा बदलावा लागला, आणि आज बाळंतपणाच्या वॉर्डात काम करणाऱ्या एखाद्या परिचारिकेने तान्ह्या बाळांसाठी चांगली नळी निवडायची म्हटले तर या सगळ्या खटाटोपातून तिच्या हाती काय लागते, एवढाच आपला विषय आहे. विषय लहान आहे. पण त्यावर ज्याचे जगणे अवलंबून असते तो जीव त्याहूनही लहान आहे.

नळीच्या आधी कान होता. रोग्याच्या छातीला थेट कान लावून आतले आवाज ऐकण्याची रीत ग्रीक वैद्यांना ठाऊक होती. या रीतीत अडचणी पुष्कळ. रोगी अस्वच्छ असला तर डॉक्टरला संकोच, रोगी स्त्री असली तर दोघांनाही संकोच, आणि रोगी लठ्ठ असला तर संकोच बाजूला ठेवूनही काही ऐकू येत नाही. १८१६ साली पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात रेने लेनेक या डॉक्टरांपुढे अशी एक तरुण स्त्री आली की जिच्या बाबतीत या अडचणी एकदम उभ्या राहिल्या. लाकडी वाशाच्या एका टोकाला टाचणीने खरवडले तर दुसऱ्या टोकाला लावलेल्या कानाला ते स्पष्ट ऐकू येते, ही साधी गोष्ट त्यांना त्या वेळी आठवली. त्यांनी कागदांची एक चळत घट्ट गुंडाळली, एक टोक त्या स्त्रीच्या छातीवर ठेवले व दुसऱ्याला कान लावला. हृदयाचे ठोके नुसत्या कानाने कधी ऐकू आले नव्हते इतके स्पष्ट आले. लेनेक बासरी वाजवीत असत, हेही येथे सांगण्यासारखे आहे. पोकळ नळीतून हवा आणि आवाज यांचा व्यवहार कसा चालतो हे त्यांच्या बोटांना आधीच माहीत असावे, अशी आम्हांला शंका येते.

पुढे त्यांनी स्वतः लेथवर लाकडाची नळी कातली. सुमारे फूटभर लांब आणि दीड इंच जाड, असा तो सरळ दंडगोल होता, आणि ते त्याला बहुधा ‘सिलिंडर’च म्हणत. १८१९ साली त्यांचा मोठा ग्रंथ निघाला आणि यंत्राचे स्टेथॉस्कोप हे नाव रूढ झाले. शब्द ग्रीक आहे; अर्थ ‘छाती पाहणारे’. ऐकण्याच्या यंत्राला पाहण्याचे नाव मिळाले! १८२६ साली लेनेक क्षयाने वारले, तेव्हा त्यांचे वय अवघे पंचेचाळीस होते. ज्या रोगाचे आवाज त्यांनी जगाला ओळखायला शिकवले, त्याचेच आवाज अखेरीस त्यांच्या पुतण्याला त्यांच्या छातीत ऐकावे लागले.

आता मौज अशी की, ज्या नेकेर रुग्णालयात ही नळी जन्माला आली, त्याच्या भिंतीला लागूनच ‘आँफां मालाद’ म्हणजे आजारी मुलांचे रुग्णालय होते. ते १८०२ साली निघाले होते आणि पाश्चात्य जगातले ते पहिले बालरुग्णालय मानले जाते. म्हणजे नळी आणि मुले अगदी शेजारी शेजारी राहत होती. पण तान्ह्या बाळाला ही लाकडी नळी लावून पाहण्याची कल्पना करा. पूर्ण दिवसांचे बाळ जन्मतः सुमारे पन्नास सेंटीमीटर लांब असते, आणि लेनेकची नळी तीस! बाळाच्या छातीचा घेर तेहेतीस सेंटीमीटरच्या आसपास. त्यावर फूटभर लाकूड उभे धरायचे, वर डॉक्टरांनी आपले डोके टेकायचे, आणि बाळाने मात्र हातपाय न हलवता पडून राहायचे. बाळे इतकी समजूतदार नसतात. म्हणून तान्ह्यांच्या बाबतीत पातळ फडके मध्ये घालून थेट कान लावण्याची जुनी रीतच पुढे पुष्कळ वर्षे टिकून राहिली. मोठ्यांच्या छातीत जो संकोच होता तो येथे नव्हता, आणि बाळाच्या छातीची भिंत इतकी पातळ की कानाला आवाज मिळण्यात अडचण नव्हती. अडचण वेगळीच होती. कानाच्या पाळीखाली बाळाची निम्मी छाती झाकून जाते. मग हृदय कोठले, फुफ्फुस कोठले आणि पोटातली गुरगुर कोठली, हे निवडायचे कसे?

पाळण्यातल्या बाळाच्या आधी नळीचा खरा उपयोग झाला तो पोटातल्या बाळाला. १८१८ साली जिनिव्हाचे फ्रांस्वा मायोर यांनी गरोदर स्त्रीच्या पोटाला कान लावून आतल्या बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकले होते. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८२१ साली, लेनेक यांचे स्नेही केर्गारादेक यांनी नळी लावून हाच शोध नव्याने लावला. ते गेले होते गर्भजलाचा खळखळाट ऐकू येतो का ते पाहायला. ऐकू आली ती घड्याळासारखी टिकटिक, तीही मातेच्या नाडीच्या जवळजवळ दुप्पट वेगाची. या टिकटिकीचे मोल काय होते हे आजच्या श्रोत्यांना चटकन जाणवणार नाही. त्या काळी बाळंतपण दोन दोन, तीन तीन दिवस अडून राही. पोटातले बाळ जिवंत आहे की नाही हे खात्रीने सांगण्याचा उपाय नव्हता. आणि मातेला वाचवण्यासाठी अखेरचा इलाज म्हणून बाळाचे डोके फोडून ते बाहेर काढण्याची शस्त्रक्रिया करीत. बाळ जिवंत असताना ही शस्त्रक्रिया होण्याची भीती किती मोठी असेल! केर्गारादेक यांच्या टिकटिकीने या अंधारात प्रथमच एक साक्षीदार उभा केला. डब्लिनच्या एव्हरी केनेडी यांनी १८३३ साली या विषयावर स्वतंत्र पुस्तक लिहिले, आणि १८९५ साली पॅरिसच्या आदोल्फ पिनार यांनी कर्ण्याच्या आकाराची आखूड नळी काढली. पोटावर रुंद तोंड, कानाशी चपटी चकती, मध्ये पोकळी, बस्स. लाकडाचा वा अ‍ॅल्युमिनियमचा तो छोटा कर्णा आपल्याकडच्या दाया, नर्सबाई आणि उपकेंद्रांतल्या एएनएम पिढ्यान्‌पिढ्या वापरीत आल्या आहेत. वीज लागत नाही, पडला तरी बिघडत नाही. साधन टिकण्याला याहून मोठी शिफारस कोणती असते!

जन्मलेल्या बाळाकडे लक्ष वळवणाऱ्यांत एक नाव आम्हांला मुद्दाम सांगावेसे वाटते. शार्ल बियार हे पॅरिसच्या अनाथ अर्भकांच्या रुग्णालयात काम करणारे तरुण डॉक्टर. १८२८ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांनी नवजात व अंगावर पिणाऱ्या बाळांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. टाकून दिलेली बाळे तेथे येत आणि त्यांतली फार मोठ्या प्रमाणात मरत. बियार त्यांच्या जिवंतपणी निरीक्षण करीत आणि मेल्यावर शवविच्छेदन करून ताडून पाहत. बाळाच्या रडण्याचाही त्यांनी अभ्यास केला. श्वास सोडताना निघते ती आरोळी वेगळी आणि श्वास आत घेताना होतो तो आवाज वेगळा; कोणता भाग नीट आहे आणि कोणता लोपला आहे यावरून छातीत काय चालले आहे याचा अंदाज बांधता येतो, असे त्यांचे म्हणणे. रडणाऱ्या बाळाची छाती तपासता येत नाही म्हणून डॉक्टर कुरकुरतात. हा मनुष्य त्या रडण्यालाच नळी करून बसला! चार वर्षांनी, १८३२ साली, तोही गेला.

नळी खऱ्या अर्थाने बाळाच्या कामाची झाली ती तिचा ताठरपणा गेला तेव्हा. १८५१ साली आर्थर लिअर्ड या आयरिश डॉक्टरांनी दोन्ही कानांनी ऐकण्याचे यंत्र लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात मांडले, आणि १८५२ साली न्यूयॉर्कच्या जॉर्ज कॅमन यांनी वापरण्याजोगा दोन कानांचा स्टेथॉस्कोप तयार केला. लवचीक नळ्यांमुळे डॉक्टरांचे डोके बाळाच्या अंगावरून उठले. बाळ आईच्या मांडीवर राहू शकले, वळवळले तरी यंत्र त्याच्याबरोबर वळू लागले. पुढे १८८० च्या सुमारास पॅरिसमध्येच तार्निए यांनी, प्राणिबागेतली अंडी उबवण्याची पेटी पाहून, अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी उबेची पेटी करवून घेतली, जिला आपण आज ‘काचेची पेटी’ म्हणतो. अशा पेटीतल्या बाळाला लाकडी दंडगोल कोण लावणार? पेटीच्या भोकातून हात घालून ऐकायचे तर लवचीक नळीच हवी.

याच काळातली आपल्या घरची एक गोष्ट येथे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांना चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. त्या वेळी योग्य वैद्यकीय मदत मिळाली नाही, हा सल त्यांच्या मनात राहिला आणि त्याच सलीने त्यांना १८८३ साली समुद्रापार फिलाडेल्फियाला नेले. ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषयही प्रसूतिशास्त्रच होता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. शिकलेली विद्या आपल्या माणसांत वापरण्याची वेळ त्यांच्यावर आलीच नाही. दहा दिवसांचे बाळ ही इतिहासात नोंदण्यासारखी गोष्ट नसते असे मानणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की, हिंदुस्थानातल्या स्त्रीवैद्यकाच्या इतिहासाचे एक पान त्याच बाळापासून सुरू होते.

यंत्राकडे परत येऊ. आजच्या स्टेथॉस्कोपला छातीवर ठेवायच्या टोकाला दोन तोंडे असतात. एक वाटीसारखे पोकळ, त्याला बेल म्हणतात. दुसरे पातळ पडदा ताणलेले, तो डायफ्रॅम. पडद्याचे तोंड १८९४ साली बोल्स यांनी आणले आणि ही दोन्ही एकाच यंत्रात बसवण्याचे काम बोस्टनच्या हॉवर्ड स्प्रेग यांनी १९२६ साली केले. वाटीने खालच्या पट्टीतले, घुमणारे आवाज चांगले येतात. पडदा खालचे सूर दाबून वरच्या पट्टीतले उचलून धरतो. तंबोरा आणि सतार एकाच कानाने ऐकायची असली तर ही युक्ती उपयोगी पडते. पण एक नियम दोहोंना लागू आहे, आणि तान्ह्या बाळासाठी नळी निवडताना तोच सर्वांत आधी पाहायचा असतो. तोंड जेवढे रुंद तेवढ्या रुंदीवरचे आवाज ते गोळा करते, आणि त्याची कड सगळीकडून त्वचेला नीट टेकली नाही तर आवाज गळतो व बाहेरचा गोंगाट आत शिरतो. मोठ्या माणसाच्या यंत्राची चकती सुमारे साडेचार सेंटीमीटर असते. ती बाळाच्या बरगड्यांवर ठेवली तर एकीकडे अधांतरी राहते आणि दुसरीकडे हृदय, फुफ्फुस, पोट यांचा एकच कालवा कानात ओतते. नवजात बाळांसाठी केलेली चकती म्हणूनच साधारण दोन ते पावणेतीन सेंटीमीटर असते. बाळाच्या हृदयाचे ठोके मिनिटाला १२० ते १६० पडतात आणि श्वास तीस ते साठ. एवढ्या घाईच्या वाहतुकीत दोन्ही वेगळे ऐकायचे तर चौकी लहानच हवी.

पण नुसते ऐकून काय करायचे, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर देणारी बाई डॉक्टर खरी, पण हृदयाची नव्हे, तर भूल देणारी. न्यूयॉर्कच्या व्हर्जिनिया अ‍ॅपगार यांना शल्यविशारद व्हायचे होते. बाईमाणसाला त्या धंद्यात भवितव्य नाही असे सांगून वरिष्ठांनी त्यांना भूलशास्त्राकडे वळवले. प्रसूतीच्या वेळी आईला दिलेल्या भुलेचा बाळावर काय परिणाम होतो हे त्या पाहू लागल्या, तेव्हा त्यांच्या लक्षात आले की, बाळ जन्मताच सगळ्यांचे डोळे आईकडे असतात आणि निपचित बाळ बाजूला पडून राहते. १९५२ साली त्यांनी मांडलेली व १९५३ साली छापून आलेली पद्धत आज जगभर चालते: जन्मानंतर एका मिनिटाने हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताठरपणा, चेतवल्यावर मिळणारा प्रतिसाद आणि रंग या पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण द्यायचे. दहापैकी किती, हा बाळाच्या आयुष्यातला पहिला निकाल! आणि या पाचांत सर्वांत वजनदार गुण हृदयाच्या ठोक्यांचा, असे स्वतः अ‍ॅपगारबाईंचेच मत होते. लेनेक बासरीवाले, तर या बाई व्हायोला वाजवीत आणि तंतुवाद्ये स्वतः घडवीतही. रुग्णालयातल्या टेलिफोनच्या खोलीतली मॅपलची फळी वाद्यासाठी उत्तम आहे असे पाहून रात्री ती काढून नेली आणि जागी दुसरी बसवली, असे सांगतात. चांगल्या लाकडापुढे चांगल्या माणसांचाही तोल जातो.

अ‍ॅपगार यांच्या गुणांनी बाळाच्या छातीवरच्या नळीला घड्याळ जोडले. आज बाळ जन्मल्यावर श्वास घेत नसेल तर ठोके शंभराच्या खाली आहेत का, हे पाहून पिशवीने श्वास द्यायचा की नाही ते ठरते. आणि नीट श्वास देऊनही ठोके साठाच्या खाली राहिले तर छाती दाबण्यास सुरुवात करावी लागते. हे सारे पहिल्या एक-दोन मिनिटांत. सहा सेकंद ऐकायचे, दहाने गुणायचे. ऐकणारी परिचारिका प्रत्येक ठोक्याला बोटाने टिचकी देते, म्हणजे श्वास देणाऱ्याला मान वर न करता कळते. तिच्या नळीचे तोंड मोठे असेल, रबर फाटलेले असेल, कानातली गोळी सैल असेल, तर त्या टिचक्या चुकतात. नळी निवडण्याची बाब काटकसर वा हौस यांच्यावर सोडण्यासारखी का नाही, ते एवढ्यावरून ध्यानात यावे.

हृदयाच्या जन्मजात दोषांकडे पाहणाऱ्या हेलन टॉसिग यांची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या या बाईंना ऐन उमेदीत ऐकू कमी येऊ लागले. हृदयाच्या डॉक्टरला यापरता आघात कोणता? त्यांनी आवाज वाढवणारा स्टेथॉस्कोप वापरलाच, पण त्याहून जास्त भरवसा ठेवला तो तळहातावर. बाळाच्या छातीवर हलका हात ठेवून आतली थरथर त्या वाचीत. याच निरीक्षणातून निळ्या पडणाऱ्या बाळांच्या फुफ्फुसांना रक्त कमी पडते हे त्यांनी हेरले, आणि २९ नोव्हेंबर १९४४ रोजी आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी त्यांच्या कल्पनेप्रमाणे पहिली शस्त्रक्रिया केली. ब्लेलॉक यांच्या मागे स्टुलावर उभे राहून टाका कसा घालायचा ते सांगत होते व्हिव्हियन थॉमस. ते कृष्णवर्णी होते, वैद्यकाची पदवी त्यांच्याकडे नव्हती, आणि प्रयोगशाळेत ही शस्त्रक्रिया बसवली होती त्यांनीच. त्यांचे नाव त्या शस्त्रक्रियेला जोडायला जगाने फार उशीर केला.

हलक्या नळीचे श्रेय बोस्टनच्या डेव्हिड लिटमन यांच्याकडे जाते. चांगला स्टेथॉस्कोप कसा असावा यावर त्यांनी १९६१ साली लेख लिहिला व १९६३ साली त्याचे पेटंट घेतले. आज त्यांचे नाव इतके रूढ झाले आहे की विद्यार्थी स्टेथॉस्कोप मागण्याऐवजी लिटमनच मागतो. आमचे मत विचाराल तर, तान्ह्या बाळासाठी नावापेक्षा चार गोष्टी हाताने पाहून घ्याव्यात: चकती लहान व हलकी, कडेला रबराची वा प्लॅस्टिकची गार न लागणारी पट्टी, कारण थंड धातू लागला की बाळ रडते आणि मग ऐकण्यासारखे काही उरत नाही, नळी जाड भिंतीची आणि फार लांब नसलेली, आणि गोळ्या कानात घट्ट पण न दुखणाऱ्या. लावण्यापूर्वी चकती तळहातात धरून ऊब आणावी, हे तर कोणत्याही किमतीच्या नळीला लागू. एनआयसीयूमध्ये ज्या बाळाची नळी त्याच्याच खाटेशी टांगलेली असावी आणि ती स्पिरिटने पुसावी. एका बाळाचे जंतू दुसऱ्याकडे नेणारे वाहन म्हणून स्टेथॉस्कोप फार सोयीचा आहे. महागडी नळी पाच खाटांवर फिरवण्यापेक्षा साध्या पाच नळ्या बऱ्या, असे आम्हांला वाटते.

चांगल्यांतली चांगली नळीही सर्व काही सांगत नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदले पाहिजे. जन्मल्यावर पहिल्या दिवशी कित्येक धडधाकट बाळांच्या छातीत हलकी मर्मर ऐकू येते. गर्भातली एक रक्तवाहिनी मिटत असते, तिचा तो आवाज. दोन-तीन दिवसांत तो नाहीसा होतो. उलट काही गंभीर दोषांत छाती अगदी शांत असते. म्हणूनच हातापायाला प्रकाश लावून रक्तातला प्राणवायू मोजणाऱ्या ऑक्सिमीटरने प्रत्येक बाळ घरी जाण्यापूर्वी तपासावे, असे अमेरिकेत २०११ साली ठरले. ईसीजीशी ताडून पाहिले तेव्हा अनुभवी कानही घाईत ठोके थोडे कमीच मोजतो, हेही आढळले आहे.

आणि जेथे नळीही नाही, ऑक्सिमीटरही नाही, तेथे? गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने हा प्रश्न घेतला. न्यूमोनिया ओळखण्यासाठी श्वास मोजायचे, पण गावच्या दाईला साठपर्यंत मोजणे जमत नाही. तेव्हा त्यांनी एक साधी फळी केली: एका बाजूला मिनिटभराचे वाळूचे घड्याळ, दुसऱ्या बाजूला मण्यांच्या ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याशी पोचलो तर श्वास वाजवीपेक्षा जलद. दहापर्यंत मोजता आले की पुरे. पुढे १९९५ पासून ३९ गावांत आरोग्यदूत बायांना घरोघर जाऊन नवजात बाळ पाहायला शिकवले: रडणे क्षीण झाले का, अंगावर पिणे थांबले का, हातपाय लुळे पडले का, अंग गार लागते का, श्वासाबरोबर कण्हणे किंवा छाती आत ओढणे दिसते का. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांशी ताडता नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. २०११ साली केंद्र सरकारने हे घरचे नवजात-पालन देशभर आशांकडे सोपवले. आशाताई बाळाचा सदरा वर करून घड्याळाकडे पाहत मिनिटभर त्याचे पोट वरखाली होताना मोजते. साठ वा त्याहून जास्त झाले, तर बाळाला दवाखान्यात न्यायला सांगते.